नाचणारा घोडा, घसरणारा घोडा

शिगम्यात गोव्यातल्या पेडणे-डिचोलीकडे रस्त्यावर घोडे नाचतात आणि एकाच्याही पायात नाल नसते. घोडेमोडणी या नाचातला घोडा लाकडी, नाचणाऱ्याच्या कमरेला बांधलेला. पाय माणसाचे, त्यांत घुंगरं! एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार. साथीला ढोल-ताशे, आणि गाणं एकही नाही. सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याने पोर्तुगीजांना नमवलं त्याची ही आठवण, असं जाणती माणसं सांगतात.

हाडामासाच्या घोड्याला मात्र पाऊल जपावं लागतं. नालेमुळे पकड येते हा गैरसमज. नाल असते खूर झिजू नये म्हणून. ओल्या गुळगुळीत दगडावर तर सपाट लोखंड उघड्या खुरापेक्षा जास्त घसरतं. खरी पकड खुराच्या तळव्यातल्या रबरासारख्या त्रिकोणी गादीची. नालेलाही थोडी पकड यावी म्हणून खालून खाच ठेवतात. तिच्यात माती भरते आणि मातीवर माती धरते. परदेशात गवतावरच्या अडथळे ओलांडायच्या स्पर्धांसाठी नालेत स्क्रूचे खुंट बसवतात, डांबरी रस्त्यावर येण्याआधी काढतात.

खिळे ठोकताना घोडा ओरडत का नाही? खुराची भिंत आपल्या नखाच्याच जातीची, तिला संवेदना नाही. नालबंदाचा खिळा टोकाशी तिरपा घासलेला असतो, त्यामुळे तो आत न शिरता बाहेर वळतो. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून दीड-दोन महिन्यांत नाल काढून खूर तासावाच लागतो. बैलाचा खूर दुभंगलेला. त्याला प्रत्येक पायाला दोन, म्हणजे एकूण आठ पत्र्या!

पाण्यापुढे नालेचंही चालत नाही. 1683 साली गोव्यात जुवे बेटाच्या लढाईत पोर्तुगीजांचा पाठलाग करताना संभाजीराजांचा घोडा भरतीच्या पाण्यात पोहणीला लागला. सोबतच्या खंडो बल्लाळांनी उडी टाकून तो सावरला, असं बखरी सांगतात. माथेरानच्या घोडेवाल्यांची तक्रार आजची: पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात. रस्ता आखणाऱ्यांनी आधी त्यांनाच विचारायला हवं होतं.

आणि दाराला लावायला ‘काळ्या घोड्याची’ नाल विकत घेणार असाल, तर ती उलटी करून बघा. पुढची कड झिजलेली नसेल, खिळ्यांची भोकं कोरी असतील, तर ती कुठल्याच रंगाच्या घोड्याने घातलेली नाही. पैसे परत मागा.