नुक्ता दिसला पाहिजे

मोबाईलवर धडा लावला की मधेच चित्र धूसर होतं, थोड्या वेळाने आपोआप स्पष्ट होतं. अम्मी म्हणते फोन जुना झाला, मुलगा रेंजला दोष देतो. खरं तर फोन हे जाणूनबुजून करत असतो.

इंटरनेटवरचा एकच व्हिडिओ हलक्या-भारी अशा अनेक प्रतींत ठेवलेला असतो: १४४, २४०, ३६०, ४८०, ७२०. हा आकडा म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांच्या आडव्या रांगा. प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात. मागचा तुकडा किती वेगाने आला, साठ्यात किती उरलंय, हे पाहून पुढचा तुकडा कोणत्या प्रतीतला मागवायचा ते फोन ठरवतो. संध्याकाळी मोहोळात सगळा मोहल्ला एकाच टॉवरवर असतो. वेग घटला की चित्र थांबण्यापेक्षा हलकी प्रत बरी, असा फोनचा हिशेब.

क्रिकेटला हा हिशेब लागू पडतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकाची अंतिम लढत हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते. चेंडू पुसट दिसला तर चालतं. विकेट पडताना चित्र अडकलं तर घरात आरडाओरडा!

धड्याचं तसं नाही. उर्दूत बे, पे, ते, से यांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. फळ्यावर दहा ओळी लिहिल्या, तर १४४ च्या प्रतीत एका ओळीच्या वाट्याला जेमतेम चौदा रांगा येतात. त्यात नुक्ता कुठून उरणार? मराठीतला अनुस्वारही असाच जातो. आवाजाला डेटा थोडाच लागतो, म्हणून तो स्वच्छ येत राहतो आणि गडबड लक्षातच येत नाही. मूल ऐकतं बरोबर, वहीत उतरवतं चूक.

म्हणून धड्यापुरतं ‘ऑटो’ काढा. चाकाच्या चिन्हावर बोट ठेवून क्वालिटीत ४८० निवडा. यूट्यूबवर ही निवड बहुधा त्या एका व्हिडिओपुरतीच टिकते, पुढच्या धड्याला पुन्हा करावी लागते. आता मधेमधे चित्र थांबेल, गोल फिरत राहील. फिरू द्या, तेवढ्यात वहीत लिहून होतं. डेटा जास्त जातो हे खरं, आणि दिवसाचा दीड जीबी सगळ्या घराला पुरवायचा असतो. तेव्हा दादीजानची मालिका २४० वर लावा. भाजी निवडता निवडता त्या ती ऐकतातच जास्त.