छपाई यंत्राचा हीटर बदलण्यापूर्वी

जत्रेचे, निवडणुकीचे वा शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फलक आता तालुक्याच्या गावीच छापून मिळतात. हे फलक ज्या फ्लेक्सवर छापले जातात, त्याचा प्लॅस्टिकचा पृष्ठभाग शाई सहजी धरीत नाही. म्हणून यंत्राच्या ज्या पाटावरून फ्लेक्स सरकतो, त्याच्या खाली हीटर बसविलेले असतात. उष्णतेने पृष्ठभाग किंचित मऊ होतो, शाई त्यात रुजते आणि तिच्यातील द्रावक उडून जाते. उष्णता कमी पडल्यास रंग ओले राहून पसरतात. अधिक झाल्यास फ्लेक्सला लाटा येतात आणि त्यावर छपाईचे महागडे हेड घासते.

असे झाले की "हीटर गेला" असा निवाडा देऊन नवा हीटर मागविला जातो. ही घाई बहुधा अंगाशी येते. सायंकाळी विजेचा दाब उतरल्यास बिघाड यंत्रात नसतोच. हीटरची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे शिक्षक बंधुभगिनींना ठाऊक आहेच. २३० व्होल्टचा दाब १८० वर आला, तर १००० वॅटचा हीटर जेमतेम ६१० वॅट उष्णता देतो. पाटावर पंख्याचा झोत असला, तर तीही उणावते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पडद्यावरील आकडा हा पाटाचे तापमान नसून सेन्सरने कळविलेले तापमान होय. सेन्सर खाचेतून सुटून लोंबू लागला, तर तो हवेचे तापमान कळवितो. कंट्रोलर त्यावर विश्वास ठेवून हीटर चालूच ठेवतो. आकडा चढत नाही, पाट मात्र तापत जातो. शाईतील द्रावक ज्वलनशील असल्याने हा बिघाड नुसत्या नासाडीचा नाही, आगीचा आहे. थर्मोकपलच्या तारा उलट जोडल्या गेल्या असल्यास पाट तापेल तसतसा आकडा खाली उतरतो. सॉलिड स्टेट रिले बहुतेक वेळा जोडलेल्या अवस्थेतच निकामी होतो. मग कंट्रोलरने आज्ञा देऊनही हीटर बंद होत नाही. अशा प्रसंगासाठी दिलेला थर्मल कटआउट तार जोडून निरुपयोगी करण्याची खोड काही ठिकाणी आढळते. ती अक्षम्य आहे.

तपासणी जाणत्या वायरमनकडूनच करवावी. मेन स्विच बंद करून, पाट निवाल्यावर, हीटरची तार सोडवून रोध मोजावा. वरील हीटरचा रोध सुमारे ५३ ओहम भरतो; मीटर काहीच दाखवीत नसल्यास हीटरची तार तुटली असे समजावे. पीटी-१०० जातीचा सेन्सर २५ अंशांना सुमारे ११० ओहम दाखवितो.

मात्र त्याआधी, यंत्र चालू असताना, पाटाच्या पृष्ठभागाला वेगळा तापमापक लावून त्याचा आकडा पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहावा. दोहोंत मोठी तफावत आढळल्यास यंत्र तत्काळ बंद करावे आणि सेन्सर आपल्या खाचेत घट्ट बसला आहे की नाही, ते प्रथम पाहावे.