माळढोक दिसत नाही, मग नान्नजला जायचे कशासाठी?

सुटीच्या दिवशी सोलापूरकरांची गाडी वळते ती तुळजापूर, अक्कलकोट नाहीतर पंढरपूरकडे. बार्शी रस्त्याने जेमतेम २० किलोमीटरवर असलेल्या नान्नजला जाणारे थोडे. जे जातात, त्यातले बहुतेक माळढोक न पाहताच परततात.

नान्नजला नेमके काय आहे?

हा पर्जन्यछायेचा भाग. वाळवंट नव्हे, पण झाडी विरळ आणि नजर पोहोचेल तिथवर गवताळ माळ. १९७९ मध्ये माळढोकसाठी इथे अभयारण्य झाले. क्षेत्र होते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर! त्यात गावे आली, शेते आली, रस्ते आले. जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर निर्बंध आल्याने शेतकऱ्यांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे हे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर पक्षी हातचे निघून गेले होते.

माळढोक गेला कुठे?

नर १५ किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. भटके कुत्रे आले, ट्रॅक्टर फिरला की त्या वर्षीची वीण संपली. त्यात माळ नांगरले गेले, पाणी आले तिथे ऊस आणि द्राक्षे आली. गवताळ माळ म्हणजे ‘पडीक जमीन’ समजून त्यावर झाडे लावली गेली, तेही माळढोकला मानवले नाही. झाडे लावणे नेहमीच पुण्याचे काम नसते, हे पचायला जड जाते.

आज देशात जेमतेम दीडशे माळढोक उरल्याचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या वाळवंटात. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे तिथे विजेच्या तारा जिवावर उठल्या. तारा जमिनीखाली नेण्याचा प्रश्न २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू २०२४ मध्ये तिथेच जन्मले. नान्नजला मात्र एखादा पक्षी दिसला तरी बातमी होते.

मग पाहायचे काय?

काळविटांचे कळप. ते बहुधा दिसतातच. नशीब असेल तर लांडगा किंवा खोकड. चंडोल, धाविक आणि हिवाळ्यात गवतावरून खालून घिरट्या घालणारा भोवत्या. पावसाळ्यानंतर ते थंडी संपेपर्यंत, भल्या पहाटे जावे. वन विभागाची परवानगी आधी विचारून घ्यावी, पाणी सोबत ठेवावे आणि गवतात शिरू नये.

उरलेला दिवस कुठे?

दक्षिणेला हत्तरसंग कुडल येथे भीमा आणि सीना या नद्यांचा संगम आहे. तिथल्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. शेकडो लहान मुखे कोरलेले शिवलिंगही इथलेच.

किल्ल्याची आवड असेल तर हैदराबाद रस्त्यावरचे नळदुर्ग गाठावे. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातच आदिलशाही काळातला पाणी महाल आहे. पाऊस चांगला झाला की बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात. कोरड्या वर्षी धबधबे नसतात, महाल मात्र पाहता येतो.