लायपोसक्शन : काय निघते, काय उरते

'पोट सुटलंय, लायपोसक्शन करून घ्यावं का?' असे आपल्या मंडळींत हल्ली उघडपणे विचारले जाते, म्हणून ही थोडी माहिती.

त्वचेला लहान छेद देऊन नळीने कातडीखालची चरबी ओढून काढणे म्हणजे लायपोसक्शन. १९७० च्या दशकाअखेरीस फ्रेंच सर्जन इलूझ यांनी बोथट नळीची पद्धत रूढ केली. पुढे १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डॉ. क्लाइन यांनी चरबीत आधी औषधमिश्रित सलाइन भरण्याची युक्ती काढली. त्यामुळे रक्तस्राव पुष्कळ घटला.

पण हा वजन उतरवण्याचा उपाय नव्हे. आपल्या भारतीय बांध्यात बारीक दिसणाऱ्यांच्याही पोटात, आतड्यांभोवती चरबी साठते. मधुमेहाशी तिचे नाते अधिक घट्ट, आणि नळी तिथवर पोचतच नाही. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरची सुमारे १० किलो चरबी काढली. तीनेक महिन्यांनी पाहिले, तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे!

शिवाय सूज, काही आठवडे घट्ट पट्टा, त्वचेला उंचसखलपणा आणि क्वचित फुप्फुसात रक्ताची गुठळी, हेही ध्यानात घ्यावे. विमा सहसा खर्च देत नाही. सर्जन प्लास्टिक सर्जरीत बोर्ड-सर्टिफाइड आहेत ना, हे विचारण्यात संकोच नको.

हौसेसाठी करायचे तर जरूर विचार करावा. मात्र घरात मधुमेह असेल तर आधी साखर तपासून घ्यावी आणि संध्याकाळचे चालणे सोडू नये, एवढेच आमचे सांगणे.