उंची हरवलेला नकाशा : ओगिएकांच्या मॉडेलवरून काही धडे

फील्डवर्कला निघताना तुमच्या बॅगेत टोपोशीट असतेच. ती गावातल्या जाणत्या माणसापुढे पसरून विचारा, "तुमचं जंगल कुठून कुठवर?" बऱ्याचदा तो गप्प बसतो आणि आपण वहीत लिहितो, 'माहिती नाही'. माहिती त्याच्याकडे असते हो, फक्त कंटूर रेषा त्याच्या ओळखीच्या नसतात!

यावरची एक पद्धत म्हणजे सहभागी त्रिमितीय मॉडेल. केनियातल्या माऊ जंगलातल्या ओगिएक लोकांचं उदाहरण घेऊ. ते पूर्वापार शिकार आणि मधावर जगत आले. डोंगरावर वेगवेगळ्या उंचीला फुलोरा वेगवेगळ्या वेळी येतो, म्हणून कुळांच्या जमिनी उतारावर खाली-वर पसरलेल्या लांब पट्ट्यांच्या असत. म्हणजे इथे उंची हीच मुख्य माहिती, आणि सपाट कागदावर नेमकी तीच दिसत नाही.

२००६ मध्ये नेसुइट इथे त्यांनी पूर्व माऊचं १:१०,००० प्रमाणाचं मॉडेल बनवलं. पद्धत अशी : प्रत्येक कंटूरप्रमाणे पुठ्ठा कापायचा आणि थरावर थर चिकटवायचे. डोंगर उभा राहिला की लोक भोवती जमतात, आठवतात, वाद घालतात आणि खुणा करतात. ठिकाणाला टाचणी, वाटेला किंवा ओढ्याला लोकरीचा धागा, जंगलाला रंग. मग वरून चौकटींची जाळी लावून फोटो काढायचे आणि माहिती जीआयएसमध्ये भरायची.

इथेच थांबा. कोणत्या खुणेचा काय अर्थ, हे लोकांनी आधी ठरवायला हवं. देवाची जागा, औषधी झाडं यांच्या टाचण्या फोटोआधी काढायच्या का, हेही त्यांनीच ठरवायचं. एकदा फाइल बाहेर गेली की परत घेता येत नाही.

आणखी एक. २६ मे २०१७ रोजी आफ्रिकन मानवाधिकार न्यायालयाने ओगिएकांच्या बाजूने निकाल दिला. म्हणून 'मॉडेलमुळे केस जिंकली' असं प्रबंधात लिहू नका; दोन घटना मागेपुढे घडल्या म्हणजे कार्यकारण सिद्ध होत नाही. निकालानंतरही, २०२३ च्या अखेरीस, ओगिएकांची घरं पाडली गेली.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना एक ओळ नक्की घाला : काम संपल्यावर मॉडेल आणि फाइल कुणाच्या ताब्यात राहणार? याचं उत्तर गावात जाऊन, गावाला विचारूनच लिहा.