शार्त्रच्या वाटेवरची लॅटिन

पेंटेकॉस्टचा सण ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येतो. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, पॅरिसमधल्या सँ-सुल्पीस चर्चचा परिसर सॅक पाठीला लावलेल्या पोरापोरींनी गजबजून जातो. इथून शार्त्रचं कॅथेड्रल सुमारे १०० किलोमीटर. तीन दिवस चालायचं, रात्री तंबूत अंग टाकायचं आणि सोमवारी मरियामातेच्या पायाशी पोचायचं.

मराठी माणसाला यात वारी दिसेल, आणि ते चूक नाही. यात्रेकरूंच्या तुकड्या असतात, प्रत्येकीचा स्वतःचा झेंडा आणि सोबत धर्मगुरू. दिंड्याच म्हणा ना. बोस प्रांतातल्या गव्हाच्या शेतांमधून त्या जपमाळ ओढत, गाणी म्हणत सरकतात. फादर चालता चालता एकेकाचं पापनिवेदन ऐकतात. १९८३ साली सुरू झालेल्या या यात्रेत २०२५ मध्ये सुमारे १९ हजार जण चालले. भरणा तरुणांचा. आणि वाटेतली मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, लॅटिनमध्ये, त्यांच्या आजी-आजोबांच्या लहानपणी होती तशी.

ही मिस्सा मागे कशी पडली, ते थोडक्यात सांगायला हवं. ४ डिसेंबर १९६३ रोजी कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेच्या सुधारणेचा मसुदा २,१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला. त्यात लोकभाषांना वाट करून दिली होती. लॅटिन मात्र राखावी, असंही त्याच मसुद्यात म्हटलं होतं. पुढे पोप सहाव्या पॉल यांनी नवी मिस्सा आणली आणि १९६९च्या नोव्हेंबरअखेरीपासून ती लागू झाली. ती लॅटिनमध्येही करता येते, पण बहुतेक ठिकाणी लोकभाषाच आली. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, वेदी पुढे सरकली.

सगळ्यांनाच ते रुचलं नाही. १९७१ साली इंग्लंडमधल्या लेखक-कलावंतांनी जुनी मिस्सा टिकवण्यासाठी पोपना विनंतीपत्र पाठवलं. सह्या करणाऱ्यांत ॲगाथा ख्रिस्ती होत्या, व्हायोलिनवादक यहुदी मेन्यूहिन होते. दोघेही कॅथलिक नव्हेत. यादीतलं ॲगाथाबाईंचं नाव पाहून पोप थबकले, अशी आख्यायिका आहे. परवानगी मिळाली, आणि तिला आजही ख्रिस्तीबाईंच्याच नावाने ओळखतात. ती श्रद्धा नसलेल्या माणसांनाही एखाद्या उपासनेचं सौंदर्य जपावंसं वाटावं, ही फार मोठी गोष्ट आहे.

त्या मिस्सेत असं आहे तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे शांतता. धर्मगुरू वेदीकडे, म्हणजे लोक पाहतात त्याच दिशेला तोंड करून उभे असतात आणि मुख्य प्रार्थना जवळजवळ कुजबुजत म्हणतात. चर्चमध्ये तेव्हा धुपाचा वास आणि गुडघे टेकलेल्या माणसांचे श्वास, एवढंच उरतं. ख्रिस्तप्रसाद गुडघ्यांवर बसून जिभेवर घ्यायचा. अनेक स्त्रिया डोक्यावर ओढणी घेतात. गायन असलं तर ग्रेगोरियन: सगळ्यांचा एकच स्वर, ठेक्यात न बांधलेला, लांब श्वासाचा. इथे कुणी भाविकाचं मन रिझवायला येत नाही. त्यालाच वाकावं लागतं. दिवसभर मोबाइलच्या पडद्याने हाका मारलेल्या पिढीला नेमकं हेच हवं आहे, आणि त्याला निव्वळ गतकाळाची ओढ म्हणणं या तरुणांवर अन्याय करणारं आहे. जे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, त्याची आठवण त्यांना कुठून येणार?

याला एक कडवट बाजूही आहे. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी परिषदेच्या सुधारणा नाकारल्या आणि ३० जून १९८८ रोजी स्वित्झर्लंडमधल्या एकोन इथे पोपच्या संमतीविना चार बिशपांना दीक्षा दिली. बहिष्कार ओढवला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये त्या चौघांवरचा बहिष्कार उठवला, तेव्हा त्यांतला एक जण ज्यूंचा संहार नाकारणारा निघाला आणि जगभर संताप उसळला. परंपरेच्या आडोशाला असली विखारी माणसंही येऊन बसतात, हे लपवून चालणार नाही.

याच बेनेडिक्ट यांनी २००७ साली जुन्या मिस्सेची दारं मोकळी केली होती. तरुणही तिच्याकडे वळताहेत, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. पण १६ जुलै २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा बिशपांच्या परवानगीखाली आणली. परिषद नाकारण्यासाठी या मिस्सेचा वापर होतो आहे आणि त्याने चर्चची एकी धोक्यात येते, ही त्यांची चिंता. चिंता खरी होती. तरीही ज्यांना फक्त प्रार्थना करायची होती, त्यांनाही त्याची झळ लागली.

आपल्याकडे, वसईच्या कॅथलिकांना परिषदेने दिलेली देणगी वेगळीच. तिथे मिस्सा मराठीत होते. 'सुबोध बायबल' लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मायबोलीत देवाशी बोलण्याचं मोल या माणसांना कुणी समजावून सांगायला नको. गोव्यात मात्र खुरसापुढे (क्रूसापुढे) म्हटल्या जाणाऱ्या मरियामातेच्या लदीन या प्रार्थनेत लॅटिन अजून तग धरून आहे, बऱ्याचदा व्हायोलिनच्या साथीने. ती कुणाला परकी वाटत नाही.

सोमवारी दुपारी पायांना फोड आलेले यात्रेकरू शार्त्रला पोचतात. गव्हाच्या पिकावर तरंगणारे दोन असमान मनोरे त्यांनी दुरूनच पाहिलेले असतात. ११९४च्या आगीनंतर उभं राहिलेलं ते अवाढव्य कॅथेड्रलही सगळ्यांना पुरत नाही. हजारो जण बाहेरच थांबतात, मोठ्या पडद्यांसमोर. मिस्सेतला श्रद्धेचा अंगीकार सुरू होतो आणि आतले-बाहेरचे सगळे लॅटिनमध्ये गाऊ लागतात. ती भाषा बोलता येणारे त्यांत मोजकेच. शब्द मात्र पाठ असतात.