दंड थकला म्हणून कैद? अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे

कोर्टाची थकबाकी : दंड, कोर्ट खर्च, फी आणि पीडिताला द्यायची भरपाई. खासगी कर्ज यात येत नाही. त्यासाठीची कैद केंद्रीय कायद्याने १८३३ मध्येच बंद झाली.

• विल्यम्स विरुद्ध इलिनॉय (१९७०) : पैसे नाहीत म्हणून कमाल शिक्षेपेक्षा जास्त काळ डांबता येत नाही.

• टेट विरुद्ध शॉर्ट (१९७१) : ह्यूस्टनमधील वाहतूक दंड, ४२५ डॉलर. दिवसाला ५ डॉलर या हिशेबाने ८५ दिवस कैद. निव्वळ दंडाच्या गुन्ह्यात असे रूपांतर घटनाबाह्य.

• बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया (१९८३) : आजही मुख्य आधार हाच. आरोपी प्रोबेशनवर. देणे ७५० डॉलर. भरले २००, तेही आईवडिलांकडून उसने घेऊन. मग नोकरी गेली, प्रोबेशन रद्द झाले. न्यायालयाचा दंडक : न भरण्याचे कारण आधी तपासा. ऐपत असून टाळले, तर तुरुंग चालतो. प्रामाणिक प्रयत्न करूनही जमले नाही, तर आधी पर्यायी शिक्षेचा विचार. ‘ऐपत’ मोजायची कशी, याचे माप मात्र निकालात नाही.

• टिंब्स विरुद्ध इंडियाना (२०१९) : अवाजवी दंडाला मनाई करणारी आठव्या घटनादुरुस्तीतील तरतूद राज्यांनाही लागू.